पाडव्याचं तेल

फाल्गुन लागला की मला काही सुचत नाही. लोकांना पळस दिसतो, आंब्याचा मोहोर दिसतो. मला मात्र दुपारच्या झळेबरोबर एक वास येतो, डिझेलचा आणि तापून करपलेल्या तेलाचा. घरात दुसऱ्या कुणाला तो येत नाही. सून म्हणते, "आत्या, भास होतोय तुम्हाला." होत असेल बाई. या वयात भास तरी सोबतीला येतात, माणसं कुठं येतात.

परवा नातवाच्या गाडीवर येरमाळ्याला गेले होते. येडाईचं दर्शन झालं, प्रसाद झाला आणि परतताना त्यानं हायवेच्या कडेला एका गॅरेजसमोर मोटारसायकल लावली. ऑइल बदलायचं होतं म्हणे. मेकॅनिकनं खालचा बोल्ट सोडला, काळं तेल घमेल्यात पडायला लागलं, आणि मी बाकड्यावर बसून बघत राहिले. त्यानं नवा डबा उघडला तशी मी विचारलं, "का रे बाबा, हे उन्हाळ्याचं तेल हाय का हिवाळ्याचं?"

तो हसला. "आज्जी, आता तसं न्हाय ऱ्हायलं. एकच तेल, बारमाही. थंडीत घट होत न्हाय आन् उन्हात पाणी होत न्हाय."

"अरे, आज्जीला काय कळतंय इंजिनातलं," नातू म्हणाला.

"तुझ्या पणजोबाला कळत होतं," मी म्हटलं. "आणि कळून काय झालं ते इचार मला."

त्यानं विचारलं नाही. फोनवर बोलत होता. तरुण पोरांचं असंच असतं, त्यात त्याचा दोष नाही. पण मनात आलेलं कुठंतरी ठेवायला तर हवं, म्हणून लिहायला बसले.

मी अणदूरची. लग्न होऊन येरमाळ्याजवळच्या या गावात आले तेव्हा मला चिडवायला सासरच्यांना माझं बोलणंच पुरायचं. आमच्याकडं बोलण्यात मधूनमधून कानडी शब्द येतो, इकडं तो आला की हशा. एक मामंजी तेवढे हसायचे नाहीत. मामंजी म्हणजे माझे सासरे, गावाचे तात्या. उंच, वाळके, हाताच्या रेघांत कायम काळं बसलेलं. कितीही शिकेकाईनं घासा, जायचं नाही. गावातल्या शेतकऱ्यांनी मिळून पाण्याची सहकारी संस्था काढली होती, सगळ्यांची मिळून एक विहीर होती आणि तिच्यावर डिझेलचं इंजिन होतं. ते इंजिन मामंजी चालवायचे. वीज तेव्हा आमच्या गावाला आली नव्हती. त्यामुळं त्या इंजिनाचा आवाज हाच आमचा गावातला भोंगा. तो सुरू झाला की बायका म्हणायच्या, चला, धुण्याला पाटाला पाणी आलं.

तेलाची चाल मामंजींनीच लावलेली. इंजिन आलं त्या पहिल्या वर्षी दुकानदारानं सांगितलं होतं, उन्हाळ्यात जाड तेल घाला, चाळीस नंबरचं. हिवाळ्यात पातळ घाला, तीस नंबरचं. सांगून तो मोकळा झाला. पण उन्हाळा नेमका कधी लागतो आणि हिवाळा कधी, हे कुणी सांगावं? त्या वर्षी पौष आला तरी इंजिनात जाडंच तेल राहिलं. पहाटेच्या गारठ्यात ते काकवीसारखं घट्ट झालं आणि हँडल काही केल्या फिरेना. दोघं दोघं लोंबकळले. शेवटी हँडलनं असा उलटा झटका दिला की एकाचं मनगट मोडलं. तेव्हा मामंजींनी पारावर सगळ्यांना बसवून एक साधी गोष्ट ठरवली. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते, त्या दिवशी पातळ तेल. पाडव्याला जाड. सण काही कुणी विसरत नाही, मग तेलही कुणी विसरणार नाही. बघा, किती शहाणपणाची गोष्ट. कितीतरी वर्षं ती बिनचूक चाललीही.

मी नवी नवरी होते तेव्हाचा पहिला पाडवा मला अजून दिसतो. गुढी उभी राहिली, कडुलिंबाचा पाला आणि गूळ खाऊन झाला, की सगळा गाव विहिरीवर. जुनं तेल काढून इंजिन पुसून ठेवलेलं. नव्या तेलाच्या डब्याला आम्ही बायकांनी हळदकुंकू लावायचं, संस्थेचे चेअरमन बापूराव नारळ फोडायचे, आणि मग मामंजी डबा उचलून हळूहळू धार धरायचे. मधासारखी धार, तुटायची नाही. माझी हसून पुरेवाट. अणदूरला खंडोबाला भंडारा उधळताना बघितलेला, बैलांची पूजा बघितलेली, पण तेलाच्या डब्याला कुंकू! माझ्या सासूनं, आत्याबाईंनी, मला कोपरानं ढोसलं. "हसू नगं गं. हिरीचं पाणी त्याच्याच जिवावर वर येतंय." मग मीही गंभीर होऊन कुंकू लावलं.

तेल बघण्याची मामंजींची एक रीत होती. इंजिनातली तेल मोजायची पट्टी काढायची, तिचं टोक अंगठ्यावर टेकवायचं आणि थेंब अंगठा आणि बोटाच्या मध्ये चोळायचा. डोळे मिटून. मी भाकरी घेऊन विहिरीवर जायची, तेव्हा लांबून बघायची. सासऱ्याशी समोरासमोर बोलायची तेव्हा पद्धत नव्हती. भाकरीचं फडकं दगडावर ठेवायचं, पदर पुढं ओढायचा आणि बाजूला उभं राहायचं. पण त्या चोळणाऱ्या बोटांवरून मला कळायचं की आज इंजिन खुशीत आहे का रुसलंय.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. त्याच्याबद्दल लोक पुष्कळ बोलतात, लाल ज्वारीबद्दल, सुकडीबद्दल, खडी फोडण्याबद्दल. माझा नवराही खडीच्या कामावर होता, आठवड्यातून एकदा घरी यायचा आणि झोपून जायचा. मला त्या वर्षाचं आठवतं ते म्हणजे हिरवा रंग कुठं उरला नव्हता. ज्या ओढ्याला मी लग्नानंतर पहिल्यांदा पाय भिजवले तो पांढरा पडला होता. माणसांचं कसंबसं चाललं होतं, पण जनावरांचं काय? छावणी लांब, आणि तिथं जागा नाही. बाजाराला जनावर नेलं की ते कुठं जातं हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळं ते नाव कुणी काढत नव्हतं.

संस्थेच्या विहिरीला मात्र तळाशी थोडं पाणी होतं. खडकातला एक झरा जिवंत राहिला होता. पावसाळा कोरडा गेला तेव्हाच मामंजींनी पारावर सांगून टाकलं, "हिरीखालच्या रानात समद्यांचं मिळून कडवळ करू. गावातली जनावरं त्याच्यावर जगवू. एक बी जनावर बाजाराला जाऊ द्यायचं न्हाय. हे माज्यावर." कडवळ म्हणजे जनावरांसाठी दाट पेरलेली हिरवी ज्वारी. बोलणारा माणूस नव्हता तो. पण त्या दिवशी बोलला, आणि गावानं तो शब्द उशाला घेतला.

कडवळ आलं. तुम्हाला सांगते, चहूकडं सगळं करड्या मातीचं आणि मधे तेवढाच एक हिरवा तुकडा. म्हातारी माणसं संध्याकाळी नुसती बघायला जाऊन बसायची. सकाळी जनावरं विहिरीवर यायची आणि मामंजी हाक मारून प्रत्येकाच्या वाटणीचा भारा सोडायचे. जनावरांच्या बरगड्या दिसत होत्या खऱ्या, पण ती उभी होती.

माघ संपता संपता पाणी आणखी खाली गेलं. पंप वरून ओढेना. मग इंजिन दोरखंडांनी विहिरीत उतरवलं आणि आतल्या एका खडकाच्या टप्प्यावर बसवलं. तिथं वारा नाही. इंजिनाचा धूर तिथंच, इंजिनाची धग तिथंच, आणि वरून उन्हाचा झोत सरळ आत. एकदा मी भाकरी द्यायला पायऱ्या उतरून त्या टप्प्यापर्यंत गेले, तर चुलीच्या तोंडाशी बसल्यासारखं झालं. पंचांगात अजून थंडी होती. अंगात खंडेनवमीचं पातळ तेल घेऊन ते इंजिन त्या भट्टीत चाललं होतं.

मामंजींना ते सगळ्यांत आधी कळलं, आणखी कुणाला कळणार? त्या दिवशी त्यांनी पट्टीचा थेंब अंगठ्यावर घेतला आणि चोळला, तर बोटांत काही राहिलंच नाही. मनगटापर्यंत ओघळून गेला. त्यांनी पुन्हा घेतला. पुन्हा तसंच. भाकरी उघडलीच नाही त्यांनी त्या दुपारी.

होळी नुकतीच झाली होती. संध्याकाळी आमच्या ओट्यावर चेअरमन बापूराव आणि दोनचार मंडळी बसली. मी आत चुलीपाशी, कान बाहेर.

"तेल पातळ पडलंय," मामंजी म्हणाले. "इंजिनाचा आवाज बदललाय. जाड तेल आत्ताच घालाया पायजे असं वाटतंय."

 मग बापूराव म्हणाले, "तात्या, तुमी म्हणाल तसं. पर एक सांगू का? औंदा पोळ्याला बैलांच्या अंगावर झूल चढली न्हाय. दिवाळीत कुणाच्या घरी पणतीला तेल नव्हतं. कशाकशाला म्हणून टाइम ऱ्हायला न्हाय. पाडव्याला समदा गाव हिरीवर येतोय, तेवढं एक तरी सरळ होऊ द्या. त्यो बी मोडला तर मानसाला वाटंल, संपलंच आता."

बापूराव काही वाईट माणूस नव्हते. त्यांचे स्वतःचे बैल त्या कडवळावर होते. सगळे मामंजींकडं बघत राहिले, सगळं त्यांच्या हो-नाहीवर होतं. आणि ज्या माणसानं सोय म्हणून ती चाल लावली होती, तोच आता तिच्या पुढं हात जोडून उभा राहिला. म्हणाले, "व्हय. पंधरवड्याचा तर सवाल हाय. पाडव्यालाच घालू."

जाड तेलाचा डबा आमच्याच घरात होता, देवळीखाली. आत्याबाईंनी रात्री जेवताना विषय काढला. "डबा घरात हाय, इंजिन हिरीत हाय. मधी काय आडवं आलं?"

"मुहूर्त," मामंजी म्हणाले.

"इंजिनाला कोन पंचांग वाचून दाखवतंय?"

ते रागावले नाहीत. भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणाले, "अगं, समद्यांचा जीव त्या पाडव्यात गुतलाय. पाऊस माज्या हातात न्हाय, कायबी माज्या हातात न्हाय. तेवढा पाडवा हाय. चालवतो मी संबाळून."

आणि सांभाळून चालवलंही त्यांनी, खोटं कशाला बोलू. उन्हं चढायच्या आत चालवायचं, मधे थांबवून गार होऊ द्यायचं. आपल्या वाटणीच्या पिण्याच्या पाण्यातून तांब्याभर पाणी काढून गोणपाट भिजवायचे आणि ते इंजिनावर घालायचे. घसा कोरडा पडला तर खडा चघळायचे. पण झऱ्याचं पाणी साठेल तेव्हाच उपसायचं होतं, आणि कडवळाला तर रोज पाणी हवं होतं. मग उन्हाचं चालवल्याशिवाय गत्यंतर नसायचं.

मी भाकरी घेऊन निघाले होते. अर्ध्या वाटेवर असताना इंजिनाचा आवाज आला तो वेगळाच, आतून कुणीतरी हातोडी मारावी तसा. मग एक लांब किंचाळी, आणि मग काही नाही. मी पळत सुटले. पायऱ्या उतरून गेले तर मामंजी इंजिनाला टेकून बसले होते. त्यांनी खालचा बोल्ट सोडला होता आणि ओंजळीत तेल धरलं होतं. पदर, पद्धत, सगळं विसरून मी त्यांच्या समोर उभी राहिले.

"पोरी, हे बघ," ते म्हणाले. माझ्याशी थेट बोललेलं त्यांचं ते पहिलं वाक्य. ओंजळीतल्या काळ्या तेलात बारीक बारीक काहीतरी चमकत होतं. आतलं बेरिंग झिजून, वितळून तेलात उतरलं होतं. "पान्यागत झालं तेल. लोखंडाला लोखंड घासलं." मग बराच वेळ त्यांनी ती ओंजळ तशीच धरून ठेवली.

त्या उन्हाळ्यात सगळ्या मुलखातली इंजिनं रात्रंदिवस राबत होती, सगळीकडं मोडत होती. सुटा भाग कुठं मिळेना. लातूरला माणूस गेला, सोलापूरला गेला. मोट लावून बघितली, तर मोट ओढायला बैल हवेत ना. बापूरावांचे बैल चार पावलं चालले आणि धावेवरच, मोटेच्या त्या उतारावरच बसले. ज्यांना जगवायला पाणी काढायचं त्यांनीच ते ओढायचं, असला तो प्रकार. मग तेही बंद झालं.

पाडवा आला. गुढ्या उभ्या राहिल्या, फार नाही, पण राहिल्या. इंजिन आमच्या अंगणात सुटं होऊन पडलेलं. बापूराव नारळ घेऊन आले, डब्याशेजारी ठेवला, हात जोडले आणि गेले. आत्याबाईंनी डब्याला कुंकू लावलं का, मला आठवत नाही. त्या दिवसाचं मला एवढंच आठवतं की विहिरीखालचा हिरवा तुकडा कडेनं पिवळा पडायला लागला होता, आणि मामंजी दाराकडं पाठ करून बसले होते.

सुटा भाग आला तेव्हा कडवळाची पानं बोटानं दाबली की चुरा होत होती. वरातीमागून घोडं.

मी पुष्कळ विचार केलाय यावर. अडाण्यांच्या गावात असंच व्हायचं, असं शिकलेला माणूस म्हणेल. माझ्या जावयानं म्हटलंही एकदा, आणि मला त्याचा राग आला. अडाणीपणा नव्हता तो. ऋतू ओळखायला पंचांग लागतं असं आम्हाला कधी वाटलं नव्हतं, अंगाला कळायचं. पण त्या वर्षी अंगाला जे कळत होतं ते इतकं भयंकर होतं, की त्यापेक्षा पंचांग बरं वाटलं. पाडव्याला उन्हाळा सुरू होतो, असं धरून चालायचं, म्हणजे अजून तो सुरू झालेला नाही. अजून वेळ आहे. कोणतं घर असं करत नाही? माझ्या आईचं दुखणं आम्ही असंच दिवाळीवर ढकललं होतं.

गावानं मामंजींना कधी बोल लावला नाही. एका शब्दानं नाही. नंतर पाऊस झाला, पुढं काही वर्षांनी वीज आली, संस्थेनं मोटर बसवली. मोटरला तेलाचं काही नसतं. ते इंजिन भंगारात गेलं आणि पाडव्याला विहिरीवर जायचं हळूहळू बंद झालं. पुढं भागात साखर कारखान्याच्या गोष्टी सुरू झाल्या, ट्रॅक्टर आले. नवे ट्रॅक्टरवाले मामंजींना विचारायला यायचे, तात्या, कुठलं तेल घालू? ते म्हणायचे, "दुकानात इचारा." आणि उठून आत जायचे. शेजारी बसून मी बघायची, बोलता बोलता त्यांचा अंगठा बोटावर फिरत असायचा. काही नसायचं त्या बोटात. मला भडभडून यायचं. लोकांनी शिव्या दिल्या असत्या तर तो माणूस चारचौघांत भांडला असता, रडला असता, मोकळा झाला असता. गावाच्या भल्या गप्पपणानं त्याला आतून खाल्लं, असं मला वाटतं, मग कुणाला ते पटो न पटो.

त्याच दुष्काळात, कडवळ करपल्यावर, जनावरं बाजाराला न्यायची ठरली तेव्हा मामंजी म्हणाले, मी नेतो. बापूरावांनी नको म्हणून पाहिलं. मामंजींनी ऐकलं नाही. सकाळी पारापाशी सगळी जनावरं आणली. बायकांनी त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं, पाय धुवायला पाणी नव्हतं म्हणून नुसता हात फिरवला. आमची एक गाय होती, तांबडी. आत्याबाई तिच्या गळ्यात पडून काहीतरी पुटपुटत होत्या, ते मी ऐकलं नाही, ऐकायचं नव्हतं. मग मामंजी पुढं निघाले. दावी लावायची गरज पडली नाही. इतके दिवस रोज सकाळी हा माणूस आपल्याला चारा देतो एवढंच त्या जनावरांना ठाऊक, ती आपली मुकाट त्यांच्या मागं. आम्ही बायका गावाबाहेरच्या फाट्यापर्यंत वाटं लावायला गेलो.

फाट्यावरून एक वाट विहिरीकडं जाते आणि एक बाजाराकडं. मामंजी बाजाराच्या वाटेला लागले आणि चालत राहिले. जनावरं फाट्यावर आली आणि सगळी विहिरीच्या वाटेला वळली. तांबडी पुढं. ज्या जनावरांना पाय उचलवत नव्हते ती भराभर चालायला लागली.

मामंजींनी मागं वळून बघितलं. त्यांच्या हातात काठी नव्हती. आमच्यापैकी कुणी पुढं झालं नाही. ते तसेच उभे राहिले, आणि मग भारा सोडताना रोज मारायचे तीच हाक त्यांनी मारली.

हाक ऐकून एकूण एक जनावर थांबलं, वळलं, आणि त्यांच्याकडं पळत गेलं.